भिंतीवरचे सुंदरराव

घराला नाव काय द्यायचं, हा प्रश्न अंगदरावांना कधी पडलाच नाही. बीडच्या त्या नव्या वसाहतीत त्यांच्या प्लॉटवर नुसती बाभळ उभी होती, तेव्हापासून नाव ठरलेलं होतं. प्रश्न पडला तो बाकीच्यांना, आणि त्याला अंगदराव काय करणार?

वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. दिंद्रुडचे सुंदरराव. शेतकरी माणूस. आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत, त्यामुळं कुणाच्या फारसे लक्षातही राहिले नाहीत. ते गेले, शेत बटईनं दिलं, धोतरं वाटून टाकली, म्हैस भावकीत गेली. मागं राहिलं ते नाव. आणि ते तरी कुठं? अंगदरावांच्या नावाच्या मधोमध, जिथं लोक नुसतं ‘सु.’ लिहून मोकळे होतात. अंगदराव कचेरीत आवक-जावक टेबलावर. रोज शेकडो बापांची आद्याक्षरं त्यांच्या हाताखालून जायची. एवढा मोठा माणूस, उन्हातान्हात राबलेला, आणि शेवटी एक अक्षर अन् एक टिंब. हे त्यांना आत कुठंतरी फार लागायचं. म्हणून ठरवलं, की घर बांधायचं आणि त्यावर बापाचं नाव पूर्ण लिहायचं, ठळक, स्टीलच्या अक्षरांत. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं मान वर करून वाचलं पाहिजे.

आता आपल्याकडं घर बांधणाऱ्याला सिमेंट एकवेळ कमी पडेल, सल्ला कमी पडत नाही. शेजारचे भागवत सर सल्ल्यातले मुकादमच. निवृत्त मुख्याध्यापक, मराठी शिकवलेले, आणि वसाहतीच्या रहिवासी संघाचे सचिव. हे पद त्यांना कुणी दिलं हे कुणालाच आठवत नाही.

“नुसतं सुंदरराव?” सर म्हणाले. “ते नाव झालं, घराचं नाव नाही झालं. ‘सुंदर-स्मृती’ करा. नाहीतर ‘सुंदर-छाया’. आईंचं नाव काय?”

“सत्यभामा.”

“मग झालंच की. ‘सत्य-सुंदर’. आई-वडील दोघंही आले, आणि अर्थही लागतो.”

“सर, अर्थ नाही लावायचा,” अंगदराव म्हणाले. “वडील लावायचेत.”

सरांना हे उत्तर आवडलं नाही. पण ‘व्याकरणदृष्ट्या चूक नाही’ एवढं प्रमाणपत्र देऊन ते गच्चीवर निघून गेले.

स्टीलची अक्षरं आली. बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर अनुस्वार गळून पडलेला. ‘सुदरराव’. डिंक लावला, पुन्हा पडला. अक्षरं करणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “साहेब, टिंब बारीक असतंय, त्याला धरायला जागा नसती. दुसरं एखादं नाव असतं तर सोपं गेलं असतं.” बापाचं नाव बदलून घ्यायची सूचना अंगदरावांनी मोठ्या मनानं सोडून दिली. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी पाहुणे दाराशी आले तरी टिंब जाग्यावर नव्हतं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, धनश्रीनं, आपल्या कपाळाची मोठी टिकली काढली आणि स्टुलावर चढून सासऱ्यांना लावून टाकली. लांबून कळत नव्हतं. पण ज्यांना माहीत होतं त्यांना पूजेत लक्ष लावणं जड गेलं.

त्या दिवशी दिंद्रुडहून सत्यभामाबाई आल्या. अंगदरावांनी सगळं त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. नावावर पडदा लावला होता. नातेवाईक गोळा झाले, पडदा ओढला, आणि अंगदराव आईच्या तोंडाकडं बघत राहिले.

सत्यभामाबाई साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेल्या. सावकाश वाचायच्या, पण वाचायच्या. त्यांनी ‘सु’ वाचला, टिकली बघितली, ‘द’ वाचला, आणि तिथंच थांबल्या. पुढचं वाचायची गरज उरली नाही. झटकन त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीकडं जराशी पाठ करून उभ्या राहिल्या. घरात पुरुषमाणूस आल्यावर उभ्या राहायच्या, अगदी तशा.

“लई मोठं लिव्हलंस रे,” एवढंच म्हणाल्या.

अंगदरावांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आईला भरून आलं. भरून आलंही होतं. पण त्यात आणखीही एक गोष्ट होती, आणि ती या शहाण्या मुलाच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

गोष्ट अशी, की सत्यभामाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तुम्ही म्हणाल त्यात काय, त्या पिढीतल्या बायका घेतच नसत. पण इतर बायका निदान उखाण्यात तरी घ्यायच्या. यांनी तेही केलं नाही. लग्नात सगळ्या जणी दार अडवून बसल्या, तर या नवरीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून दिवस मावळवला, पण नाव घेतलं नाही. शेवटी सासूलाच दया आली. साक्षरता वर्गात ‘आपलं पूर्ण नाव लिहा’ म्हटलं, तर यांनी सत्यभामा लिहिलं आणि पेन्सिल बाईंच्या हातात दिली, मधलं तुम्ही लिहा म्हणून. एवढ्यावरच थांबलं नाही. त्यांनी ‘सुंदर’ हा शब्दसुद्धा तोंडातून काढला नव्हता. सून बघायला गेल्या तेव्हा ‘पोरगी देखणी हाय’ म्हणाल्या. नारायणगडाची जत्रा ‘झ्याक’, नातेवाइकांच्या पोरी ‘ग्वाड’. गावात शेजारीण सुंदरबाई होती, तिला या जन्मभर ‘देखणाबाई’ म्हणत आल्या, आणि तिला ते इतकं आवडलं की तिनं कधी दुरुस्त केलं नाही.

अशा बाईला तिच्या मुलानं एका अशा घरात आणून ठेवलं, की ज्याचा पत्ता तिला सांगता येत नव्हता.

पहिले काही दिवस बरे गेले. सत्यभामाबाई फाटकातून आत-बाहेर करताना पदर ओढायच्या, अंगदराव ते बघून गहिवरायचे आणि कचेरीत चार लोकांना सांगायचे. मग एक दिवस त्यांना न्हाणीघरातून धनश्रीचा कुजबुजता आवाज आला. नळ सोडलेला, आणि आत बायको कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलतेय. मध्यमवर्गीय नवऱ्याच्या मनात अशा वेळी जे यायचं ते आलं. त्यांनी दार वाजवलं.

“काय चाललंय?”

“गॅसचा नंबर लावतेय,” धनश्री बाहेर येत म्हणाली. “पत्ता विचारतात. आईंसमोर मामंजींचं नाव कसं घेऊ? त्या बघतात हो माझ्याकडं.”

“अगं, ते घराचं नाव आहे.”

“तुम्ही सांगा तसं त्यांना.”

अंगदराव सांगायला गेले नाहीत. गेले असते तर पुढचं टळलं असतं, पण मग ही कथाही झाली नसती.

कारण तोवर वसाहतीनं ते नाव वापरायला काढलं होतं. या वसाहतीत माणसांना नावानं कुणी ओळखत नाही, घरांच्या नावानं ओळखतात. ‘मातोश्री’ची मोटर जळाली. ‘गुरुकृपा’चं कुत्रं चावलं. ‘आशीर्वाद’वाले पळून गेले, म्हणजे पोरगं पळून गेलं, घर आहे तिथंच आहे. यात इतके दिवस कुणाला काही वाटलं नव्हतं. आता त्यात सुंदरराव आले. भागवत सर संघाच्या सूचना मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकायचे, आणि कुणी वाचत नाही म्हणून त्याच सूचना गच्चीवरून ओरडून सांगायचे. सकाळी सत्यभामाबाई तुळशीला पाणी घालत असताना वरून आवाज यायचा.

“सुंदररावची टाकी रोज वाहते. सुंदररावला काही शिस्त आहे की नाही?”

अंगदराव दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आले. “सर, माझ्या वडिलांना शिस्त नाही म्हणता?”

“मी घराला म्हणालो.”

“पण नाव घेतलं वडिलांचं.”

“मग मी कुणाचं घेऊ? तरी मी तुम्हाला सांगत होतो, ‘सुंदर-छाया’ करा. छायेला शिस्त नाही म्हटलं असतं तर कुणाला लागलं नसतं.”

अंगदराव तसेच आत वळले. फेस वाळला, दाढी ओढून निघाली. सत्यभामाबाई तुळशीपाशी पाठ करून उभ्या होत्या. त्या दिवसापासून टाकी भरायची वेळ झाली की त्या स्वतः जिन्यावर बसून राहायच्या आणि पाणी काठाला आलं की बटण बंद करायच्या. नवऱ्याला बेशिस्त म्हणवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

मग बाजाराचा रविवार उजाडला. सत्यभामाबाई भाजी आणायला एकट्या गेल्या. गावात मोठा बाजार करून यायच्या, त्यांना शहराचं काय? मेथी घेतली, गवार घेतली, आणि परत निघताना वाट चुकल्या. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. वसाहतीचं नाव आठवेना, ‘गती’ एवढंच ध्यानात होतं. ‘प्रगती’ की ‘सद्गती’, नक्की सांगता येईना. त्यांनी एक रिक्षा थांबवली. रिक्षावाला हनुमान नावाचा, केजकडचा, जुन्या माणसांना मान देणारा. पुढं जे झालं ते त्यानंच नंतर अंगदरावांना सांगितलं, आणि सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

“कुठं जायचं, आजी?”

“घरी.”

“घराची काई खूण?”

“नाव लिव्हलंय की भिंतीवर. ह्यांचं.”

“मंग सांगा की नाव.”

“ते मी कसं सांगू, बाबा? तूच वळख. माणूस दिसायला चांगला असला की काय म्हणतेत त्याला?”

हनुमाननं विचार केला. “हिरो.”

“जुनं सांग.”

“देखणा.”

“ते तर मीबी म्हणते. दुसरं.”

“राजबिंडा?”

“एवढं न्हाई. जरा बारकं.”

“मनोहर?”

सत्यभामाबाई दमल्या होत्या. ऊन लागत होतं. “जवळ आलास,” त्या म्हणाल्या.

हनुमाननं रिक्षा सुरू केली आणि थेट मनोहर मंगल कार्यालयात नेऊन उभी केली. तिथं लग्न होतं. मांडवाच्या दारात एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन उतरली, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर गोंधळ. वधूपक्षाला वाटलं वरपक्षाकडची, वरपक्षाला वाटलं वधूच्या मामाकडची. दोन्हीकडच्यांनी मिळून तिला पहिल्या पंगतीला बसवलं.

इकडं अंगदरावांनी सगळी वसाहत पालथी घातली. बसस्टँडवर जाऊन आले. धनश्री रडायला लागली. मग हनुमानलाच शंका आली, म्हातारीनं बॅग तर भाजीची आणलीय, लग्नाला कुणी गवार आणतं का? त्यानं परत जाऊन म्हातारीकडून वसाहतीचं ‘गती’ एवढं काढून घेतलं, गती असलेल्या दोन्ही वसाहतींत हिंडला, आणि अंगदरावांना पाठीमागं बसवून कार्यालयात घेऊन गेला. अंगदराव घाईत घरातल्या लेंग्यावर निघाले होते. बघतात तर आई पंगतीत बसलेली, पानावर बुंदी, शेजारच्या बायकांना कुणाच्या तरी बाळंतपणाची हकीकत सांगतेय.

“माय, चल,” ते दबकून म्हणाले.

“थांब की. वाढून दिलंय, टाकून कसं उठू?”

“हे कोण?” वरबापानं विचारलं.

“माझा ल्योक,” सत्यभामाबाईंनी सांगितलं, आणि वरबापानं अंगदरावांनाही खांद्याला धरून पाटावर बसवलं. लेंग्यातल्या अंगदरावांचा त्या लग्नात फोटो आहे. नवरा-नवरीच्या मागं, कुठल्याच बाजूचे नसलेले, हातात आहेराचा टॉवेल घेतलेले.

एवढं झाल्यावर तरी माणसानं शहाणं व्हावं. पण अंगदराव पडले आवक-जावकवाले. पत्ता चुकला की पत्ता नीट लिहायचा, हाच त्यांना एक उपाय ठाऊक. त्यांनी जाड कागदावर झोकदार अक्षरांत ‘सुंदरराव, प्रगती नगर, बीड’ असं लिहून प्लास्टिकमध्ये घातलं आणि आईला दिलं. पिशवीत ठेव, रिक्षावाल्याला दाखव, बोलायचं कामच नाही. सत्यभामाबाईंनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं. कमरेच्या पिशवीत सुपारी होती, तंबाखू होती, त्यात त्यांना ते ठेववेना. संध्याकाळी अंगदराव देवाला दिवा लावायला गेले, तर देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी त्यांच्याच अक्षरातला पत्ता, वर हळदकुंकू वाहिलेलं.

“अगं, हे बाहेर न्यायला दिलंय,” अंगदराव म्हणाले.

“बाहेर कशाला न्यायचं ह्यांना? उन्हातान्हात लई हिंडलेत.”

आणि मग गटार तुंबलं.

घराच्या इतिहासात गटार एकदाच तुंबत नाही हे खरं, पण पहिल्यांदा तुंबतं तो दिवस लक्षात राहतो. वसाहतीनं साफसफाईला माणूस बोलावला. अंगदराव कचेरीत होते. भागवत सर गच्चीवरून सूत्रं हलवत होते, आणि त्यांच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

“कुठं अडलंय?” खालून माणसानं विचारलं.

“सुंदरराव तुंबलाय,” सर ओरडले. “पलीकडं सगळं मोकळं आहे. सुंदररावमध्ये बांबू घाल.”

सत्यभामाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. आत गेल्या, दोन लुगडी बांधली, देवघरातलं कार्ड घेतलं. धनश्री गच्चीवरून वाळवण काढून येईपर्यंत त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या. दिंद्रुडचा पत्ता सांगायला त्यांना कुणाच्या नावाची गरज नव्हती. संध्याकाळी गावाकडून फोन आला, की सुखरूप पोचल्या, दार उघडून बसल्यात, आणि परत येणार नाही म्हणतात.

अंगदरावांना आधी राग आला तो सरांचा. मग स्टीलवाल्याचा. मग स्वतःच्या आईचा. सगळ्यांत शेवटी जे वाटलं ते राग नव्हतं. बाप राहावा म्हणून एवढं घर बांधलं, आणि त्यापायी होती ती आईही गेली. ते जेवले नाहीत. धनश्रीनं दोनदा ताट गरम केलं आणि मग झाकून ठेवलं.

सकाळच्या गाडीनं ते दिंद्रुडला गेले. दोन खोल्यांच्या त्या घरापुढं सत्यभामाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अंगदराव समोर टेकले. त्यांनीही एक मूठ शेंगा उचलल्या.

“काहून आलास?” आईनं विचारलं.

“तू काहून आलीस?”

“माझ्या देखत ह्यांच्यात बांबू घालाया लागले. मी बसून बघू व्हय?”

अंगदरावांना हसू आलं, आणि ते त्यांनी दाबलं, आणि दाबल्यामुळं डोळ्यांत पाणी आलं. “माय, ते घराला म्हणायलेत.”

“मला ठाव हाय घराला म्हणायलेत. मी येडी न्हाई. पर कान ऐकतेत ना, अंगदा. रोज ऐकतेत. टाकी, कचरा, शिस्त. जित्तेपणी ह्यांना कुणी असं बोललं न्हाई.”

“मी चांगल्यासाठी केलतं.”

“व्हय की.”

“त्यांचं नाव राहावं म्हणून केलतं. ‘सु.’ लिहितेत लोक. नुसतं ‘सु.’. तुझ्या तोंडात तर तेवढंबी नाही.” अंगदरावांचा आवाज चढला. वर्षभर आत कोंडलेलं बाहेर आलं. “तू घेत नाहीस, धनश्री घेत नाही, शिकायला गेलेली पोरं आजोबांची आठवण काढत नाहीत. मग कुणी घ्यायचं? आता तरी काय हरकत हाय माय? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतेत ना? आता कुणाचं कमी व्हायचं राहिलंय?”

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, जीभ तोडून टाकावी.

सत्यभामाबाई शेंगा सोलतच राहिल्या. सोलता सोलताच म्हणाल्या, “तेच तर. लग्न ठरलं तवा माझी माय म्हनली, नाव घेतलं की आयुष्य कमी होतंय. म्हनलं, आपल्या हातात एवढंच हाय तर एवढं तरी करू. उखाणाबी घेतला न्हाई. सुंदर म्हणायची पाळी आली तवा दुसरा शबुद शोधला. एकदाबी चुकले न्हाई.”

जन्मभर टाळलेला शब्द तोंडातून निघून गेला होता. त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे.

“तरी गेले,” त्या पुढं म्हणाल्या. “मंग मी मनाशी म्हनलं, सगळ्यांच्या हिशेबानं गेले असतेल. माझ्या हिशेबानं मी अजून नाव घेतलं न्हाई. जवर घेत न्हाई तवर माझ्यापुरते हाएत. तू भिंतीवर लिव्हलंस, पोरा, लई चांगलं केलंस, पर मला रोज वाटतं का आता गेलेच. गेलेल्या माणसाचंच असं लिव्हतेत.”

अंगदरावांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. जन्मभर ते लोकांचे कागद घेऊन पोच देत आले होते, पण याची पोच कशी द्यायची हे त्यांना समजेना. त्यांनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आई सोललेली तूर सुपात ओतत राहिली.

“काढून टाकतो,” ते म्हणाले.

“काढ. पर भिंत वंगाळ दिसंल.”

“दिसू दे. भोकं बुजवून घेतो. पण घराला काहीतरी म्हणावं लागंल माय. गॅसवाला, टपालवाला. काय म्हणायचं?”

“म्हणायचं काय त्यात?” सत्यभामाबाईंना प्रश्नच कळला नाही. “तू बांधलंस ते खरं, पर ह्यांचंच घर हाय ते. ह्यांचं घर.”

अंगदराव उठले आणि आईची पिशवी आणायला आत गेले.

गावातून दोघं बरोबरच परतले. स्टीलची अक्षरं उतरली, भोकं बुजली, आणि रंगाऱ्याला बोलावून त्या जागी साध्या निळ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘ह्यांचं घर’. रंगाऱ्यानं तीनदा विचारलं, ह्यांचं म्हणजे कुणाचं, पुढचं नाव राहिलं का. अंगदराव म्हणाले, राहिलं नाही, एवढंच आहे.

संध्याकाळी भागवत सर फाटकाशी आले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

“अंगदराव, हे चालणार नाही. हे सर्वनाम आहे. संघाच्या यादीत घराचं नाव लागतं, सर्वनाम नाही. सर्वनाम हे नामाच्या ऐवजी येतं. मग नाम कुठंय?”

“घरात आहे, सर,” अंगदराव म्हणाले.

“शिवाय ‘ह्यांचं’ अशुद्ध आहे. ‘यांचे’ पाहिजे.”

“आईला सांगा.”

सर आईला सांगायला गेले नाहीत. बांबूच्या प्रकारानंतर ते सत्यभामाबाईंच्या समोर यायला जरा बिचकत होते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सूचना आली, ‘ह्यांचं घर’ यांनी टाकी वेळेवर बंद केल्याबद्दल संघ आभारी आहे. ती त्यांनी गच्चीवरूनही वाचली, हळू आवाजात. वसाहतीतल्या बायकांना मात्र नव्या नावानं वेगळीच करमणूक झाली. कुणी म्हणायची, ह्यांच्याकडं जाऊन येते, आणि नवऱ्यानं वर बघितलं की सगळ्या जणी हसत सुटायच्या.

आणि एक गोष्ट झाली जी कुणी ठरवली नव्हती. स्टीलची अक्षरं भिंतीवर होती तोवर सुंदरराव कोण, हे एकाही माणसानं विचारलं नव्हतं. नाव वाचायचे, टाकीला शिव्या द्यायचे, पुढं जायचे. आता जो तो विचारायला लागला. दूधवाला विचारायचा, मीटर बघायला येणारा विचारायचा, नव्यानं राहायला आलेल्या पोरी विचारायच्या, आजी, ह्यांचं म्हणजे कुणाचं हो? सत्यभामाबाई ओट्यावर असायच्याच.

त्या एक ओळ सांगून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. अंगदरावांना खिडकीतून ऐकू यायचं. ह्ये फेटा असा बांधायचे, की दिंद्रुडात एकाबी नवरदेवानं दुसऱ्याकडून बांधून घेतला न्हाई. आमच्या लग्नात माझ्या भावाचा फेटा सुटला, तर ह्यांनी बोहल्यावरून उतरून त्याला बांधला आन् मग परत चढले. ह्यांना कारलं आवडायचं न्हाई, पर मी केलं की मागून घ्यायचे. दुष्काळात उसाच्या फडावर गेलो तवा ह्यांनी माझ्या मोळ्या आपल्या डोक्यावर घेतल्या, मुकादमाला कळू न देता. ह्यांना पोहायला येत न्हवतं आन् ते कुणालाच ठाव न्हवतं, मला सोडून. अंगदरावांना यातलं निम्मंही माहीत नव्हतं. पन्नाशीच्या पुढं आलेला माणूस खिडकीशी उभा राहून आपल्या बापाची ओळख करून घेत होता, आणि कचेरीला उशीर होत होता.

परवा पार्सलवाला आला. उन्हातून आलेला, घाईत, गळ्यात मोबाईल अडकवलेला. त्यानं भिंतीकडं बघितलं, पुडक्याकडं बघितलं, परत भिंतीकडं बघितलं.

“आजी, ‘ह्यांचं घर’ म्हणजे नेमकं कुणाचं?”

सत्यभामाबाईंनी निवडायचं ताट बाजूला सारलं आणि ओट्यावर त्याच्यासाठी जागा केली.

“बस,” त्या म्हणाल्या. “सांगते.”